सत्तेचाळीस नग

सात महिन्यांत आपल्या दाराची बेल कुणी कुणी वाजवली, याची यादी काकूंनी सकाळच्या चहाबरोबर सांगायला घेतली, तेव्हा स्टोअरसाहेब पेपरातलं कोडं सोडवत होते. दूधवाला रोज. गॅसवाला तीनदा. मीटर बघणारा दोनदा. कुरिअरवाला एकदा, तोही शेजारच्यांचं पाकीट घेऊन. आणि एक गृहस्थ मजला चुकून आले होते. ते मात्र चांगली पाच मिनिटं बोलले, असं काकूंनी मुद्दाम सांगितलं.

"त्यांना आत बोलावणारच होते मी," काकू म्हणाल्या, "पण तेवढ्यात त्यांना आठवलं की आपल्याला पाचव्या मजल्यावर जायचंय."

स्टोअरसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. यंत्रांच्या एका कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं भांडार सांभाळलं होतं. बारक्या खिळ्यापासून क्रेनच्या हुकापर्यंत कुठली वस्तू कुठल्या रॅकच्या कुठल्या खणात आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा फ्लॅट घेतला. घेताना त्यांनी हवा पाहिली नाही, उजेड पाहिला नाही, शेजार तर नाहीच नाही. त्यांनी भिंतीतली कपाटं मोजली. ती अकरा भरली आणि साहेबांनी उभ्या उभ्या होकार देऊन टाकला.

काकूंचं सगळं उलटं होतं. जुन्या घरी दुपारी तीन ते पाच या वेळात त्या स्वतःच्या घरात कधी सापडल्या नाहीत. कुणाकडे तरी लोकर गुंडाळायला, कुणाच्या नातवाला बघायला, कुणाकडे नुसतंच बसायला. इथे बत्तीस बिऱ्हाडांच्या इमारतीत त्यांना काकू म्हणणारं एक माणूस नव्हतं. आपण म्हणू.

"लेकीनं माझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीय," काकूंनी बिस्किट चहात बुडवलं. "पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेचं तिकीट काढू का विचारत होती. मी हो म्हटलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "परतीचं कधीचं?"

"परतीचं काढू नकोस म्हटलंय."

यात राग नव्हता, हीच खरी पंचाईत होती. काकू रागावल्या की काय करायचं हे साहेबांना पाठ होतं. गप्प बसायचं. पण काकू अगदी शांत होत्या, तुम्हीही चला म्हणत होत्या, आणि तुमची कपाटं सोडवत नसतील तर डबा लावून देते असंही म्हणत होत्या. हिच्यावाचून आपल्याला या घरात चार दिवससुद्धा काढता येणार नाहीत, हे साहेबांना त्या क्षणी लख्ख कळलं. ते तसं म्हणाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते म्हणाले, "बघू."

त्याच दिवशी साहेब पहिल्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. इमारतीत माणसं एकमेकांना भेटतील असं काहीतरी करू या, म्हणाले. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे फार कणवेनं पाहिलं. सेक्रेटरींचं हे सगळं करून झालं होतं. एकदा त्यांनी स्नेहसंमेलन केलं, तर प्रत्येक कुटुंब हॉलमध्ये आलं, आपापल्यातच बसलं, आईस्क्रीम खाल्लं आणि आपापल्यातच उठून गेलं. एकदा खेळांच्या स्पर्धा ठेवल्या, तर त्यांच्या स्वतःच्या घरचेच चौघे उतरले आणि सगळी बक्षिसं सेक्रेटरींना स्वतःच्याच बायकोला, भावाला आणि दोन पोरांना द्यावी लागली. त्याबद्दल अजूनही कुणी कुणी तिरकं बोलत असे.

साहेबांनी मात्र विचार करून ठेवला होता. माणसांना नुसतं बोलावलं तर माणसं येत नाहीत, हे त्यांना कारखान्यातल्या अनुभवावरून माहीत होतं. पण मोडकी वस्तू नाही असं घर नाही, आणि मोडकी वस्तू फुकट दुरुस्त होत असेल तर माणूस दोन जिने चढून येतो. इमारतीत कारागीरही कमी नव्हते. तळमजल्यावर वायरमन होता, दुसऱ्या मजल्यावर शिंपी होते, तिसऱ्यावर एक सुतारकाम येणारे पेन्शनर होते. एका रविवारी सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचं आणि सगळ्या इमारतीच्या वस्तू नीट करून द्यायच्या. साहेबांनी याला 'दुरुस्ती रविवार' असं नावही देऊन टाकलं.

लिफ्टशेजारी स्वयंसेवकांसाठी कोरा कागद लागला. चार दिवस त्यावर काही उमटलं नाही. पाचव्या दिवशी एक ओळ आली, पण ती 'लिफ्टमधला पंखा बंद आहे' एवढीच होती. सहाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सही केली. आपल्याला दुरुस्तीतलं दात सोडून काही येत नाही, पण हात स्थिर आहे, असं त्यांनी पुढे लिहिलं. डॉक्टरनं सही केली म्हटल्यावर वायरमननं केली, मग शिंप्यांनी केली, आणि आठवडाअखेर अकरा जण झाले. अकरा हा आकडा साहेबांना शुभ वाटला.

वस्तू शनिवारी संध्याकाळी साहेबांच्या दारात जमा करायच्या होत्या. साहेबांनी दारात टेबल टाकलं, रजिस्टर उघडलं आणि अडतीस वर्षांचा कामाचा शिरस्ता कामाला लावला. वस्तू आली की तिला नंबराची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची, त्याच नंबराचा तुकडा मालकाला द्यायचा, आणि रजिस्टरात नंबर, फ्लॅट आणि वस्तूचा वर्ग लिहायचा. वर्ग म्हणजे वर्गच. भांडारात कुणी 'निळ्या दांड्याचा, थोडा वाकडा, गोजिरवाणा पाना' असं लिहीत नाही. तसं साहेबांनीही लिहिलं नाही. त्यांच्या सुरेख अक्षरात 'विद्युत उपकरण, लहान, १ नग', 'भांडे, १ नग', 'घड्याळ, १ नग', आणि कशातच बसलं नाही तर 'इतर, १ नग' अशा नोंदी होत गेल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत सत्तेचाळीस नग जमले. साहेब खूश होते.

काकू खूश नव्हत्या. त्यांनी सकाळपासून बारा कप विसळून ठेवले होते.

"सत्तेचाळीस वस्तू आल्या," त्या म्हणाल्या, "आणि एकानंही चप्पल काढली नाही."

खरंच होतं ते. माणसं वस्तू ठेवत होती, तुकडा घेत होती, थँक्यू म्हणत होती आणि जात होती. साहेबांची पद्धत इतकी चोख होती की कुणाला अर्धं मिनिटसुद्धा थांबावं लागलं नाही.

रविवारची सकाळ मात्र छान गेली. वायरमननं चार टेबलफॅन उघडून पुन्हा बसवले. शिंप्यांनी छत्र्यांना टाके घातले. डॉक्टरीणबाईंनी तुटलेल्या कपांचे कान दातांच्या सिमेंटनं बसवले आणि सवयीनं प्रत्येक कपाला, दोन तास काही गरम घेऊ नका, असं सांगितलं. एक वाजेपर्यंत सत्तेचाळीसपैकी सत्तेचाळीस वस्तू चालू झाल्या. पाच वाजता मालकांनी यायचं, तुकडा दाखवायचा आणि वस्तू न्यायची असं ठरलं. स्वयंसेवक जेवायला गेले. साहेबही जेवले आणि कित्येक वर्षांनी दुपारी गाढ झोपले.

काकूंना झोप येईना. हॉलची किल्ली घेऊन त्या खाली गेल्या. मांडून ठेवलेल्या वस्तूंवरून त्यांनी एक नजर फिरवली. वस्तू चालू झाल्या होत्या, पण कशा दिसत होत्या! कुणाच्या घरची वस्तू आपल्याकडे आली तर ती घासूनपुसून परत करायची, हे काकूंना कुणी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांच्या हातातच होतं. आणि आपल्या नवऱ्यानं बोलावलेल्या वस्तू अशा तेलकट, मेणचट अवस्थेत लोकांच्या हाती द्यायच्या? काकूंनी पदर खोचला. विजेच्या वस्तू त्यांनी ओलसर फडक्यानं पुसल्या, बाकीच्या साबणानं धुतल्या, जाळ्या जुन्या दातघासणीनं घासल्या. पावणेपाचला त्यांनी पाठ सरळ केली तेव्हा हॉलमध्ये भांड्यांच्या दुकानासारखा लखलखाट होता.

साहेब रजिस्टर काखेत घेऊन आले. लखलखाट बघून त्यांना आधी बरं वाटलं, आणि मग त्यांनी एक पंखा उचलून उलटसुलट पाहिला.

"चिठ्ठ्या कुठायत?"

"भिजल्या असत्या ना. काढून ठेवल्या." काकूंनी रबर लावलेला गठ्ठा पुढे केला. "एक ते सत्तेचाळीस. ओळीनं लावल्यात, तुम्हाला आवडतं तशा."

साहेबांनी गठ्ठा हातात घेतला. एकही चिठ्ठी मागेपुढे नव्हती.

"पण कुठली कुठल्या वस्तूची?"

"ते तुमच्या रजिस्टरात असेल की," काकू विश्वासानं म्हणाल्या.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. विद्युत उपकरण, लहान, चौदा नग, चौदा फ्लॅट. भांडी नऊ. घड्याळं सहा. इतर अठरा. अठरा वेळा त्यांनी स्वतःच्या हातानं 'इतर' लिहिलं होतं आणि दर वेळी खाली सरळ रेघ ओढली होती. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना आपलं अक्षर बघवेना.

तेवढ्यात माणसं यायला लागलीच. सेक्रेटरींनी प्रसंग ओळखला आणि तोंडावर हसू ठेवून सांगितलं की तुकडे राहू द्या, आपापली वस्तू ओळखा आणि न्या. यात अवघड काय होतं? आपली वस्तू कोण ओळखत नाही?

कुणीच ओळखली नाही. चौथ्या मजल्यावरच्या मॅडम चारही टेबलफॅन दोनदा बघून आल्या आणि म्हणाल्या, "यात आमचा नाही. आमचा राखाडी होता."

"चारही पांढरेच आहेत, मॅडम," वायरमन म्हणाला. "मीच उघडलेत."

"आमचा राखाडी."

मागून आणखी दोघांनी आमचाही राखाडीच होता म्हणून सांगितलं. एका गृहस्थांची किटली काळी होती, इथे काळी किटलीच नव्हती. कुणाच्या घड्याळाची काच पिवळसर होती, इथे सगळ्या काचा आरपार. माणसं रांगेतून पुढे सरकत होती, वस्तू उचलून बघत होती आणि परक्या पोराकडे बघावं तसं बघून खाली ठेवत होती.

काकूंना फार वाईट वाटलं. घोळ आपल्यामुळे झाला, तर निस्तरायलाही आपणच हवं, असं वाटून त्या पुढे झाल्या. वस्तू त्यांनी स्वतःच्या हातानं घासल्या होत्या. कुठल्या वस्तूवर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"राखाडी म्हणालात ना? थांबा हं," त्यांनी एक पंखा उचलला. "तो हा असणार. याच्या जाळीत एवढा जाड थर होता बघा." त्यांनी दोन बोटं दाखवली. "सुरीनं खरवडून काढला. तुमचाच ना हा?"

रांगेतले सगळे त्या दोन बोटांकडे बघू लागले.

"आमच्याकडे रोज पुसतात," मॅडम म्हणाल्या. बाकीच्या राखाडी पंखेवाल्यांनीही माना हलवल्या. त्यांच्याकडेही रोज पुसत.

आपण मदत करतोय आणि लोकांना कळत नाहीये, असं काकूंना वाटलं. त्यांनी जास्त खुलासा केला. ही किटली, हिचं बूड काळं नव्हतंच, ते तळाशी करपलेलं होतं. ही इस्त्री, हिला नायलॉनचा मोजा चिकटला होता, निळा. आणि या घड्याळाच्या आत एक झुरळ होतं. मेलेलं होतं हो, असं त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं.

एकच गृहस्थ आपली इस्त्री ओळखून दारापर्यंत पोचले होते. ते हळूच मागे आले, त्यांनी इस्त्री होती तिथे ठेवली आणि फोन आल्यासारखं करून निघून गेले. दहा मिनिटांत हॉल रिकामा झाला. अकरा स्वयंसेवक आणि सत्तेचाळीस नग तेवढे उरले. मी सहा कपांना कान लावले, एकाचाही नातेवाईक न्यायला आला नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

हॉल सोमवारी दुसऱ्या कामाला हवा होता, म्हणून सगळ्या वस्तू साहेबांच्या घरी आल्या. अकरा कपाटं होती, पण चिठ्ठी नसलेला माल कपाटात ठेवायला साहेब तयार होईनात. तेव्हा पंखे सोफ्यावर बसले, घड्याळं जेवणाच्या टेबलावर, आणि साहेब-काकू स्वयंपाकघरात उभ्यानं जेवले.

"मी चारचौघांत लोकांची अब्रू काढली," काकू म्हणाल्या. त्यांनी ताट ओट्यावर ठेवून दिलं. "आता जिन्यात तोंड कसं दाखवू? आधी निदान कुणी ओळखत तरी नव्हतं. अलीकडचं तिकीट मिळतं का, विचारते लेकीला."

साहेबांनी मनात हिशोब केला. पंधरा तारखेला अजून नऊ दिवस होते आणि ते नऊ दिवसही आता हातचे जाणार असं दिसत होतं.

"आणि या वस्तू?"

काकूंनी सोफ्यावरच्या पंख्यांकडे पाहिलं. कुणाची वस्तू घरात ठेवून गावाला जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "या पोचवते," त्या म्हणाल्या. "मग जाते."

सोमवारी दुपारी तीन वाजता काकूंनी दोन बोटं धुळीचा पंखा जुन्या चादरीत गुंडाळला आणि त्या चौथ्या मजल्यावर गेल्या. मॅडमनी दार अर्धवट उघडलं. काकूंनी आधी माफी मागितली. मग हा पंखा तुमचाच असं मी म्हणत नाही, पण लावून बघा, चालला तर राहू द्या, असं सांगितलं. चादरीतलं ओझं बघून मॅडमना त्यांना आत घ्यावंच लागलं. खोलीत फळीवर धुळीच्या मधोमध एक स्वच्छ गोल होता. काकूंनी पंखा त्यावर ठेवला. तो चपखल बसला.

मॅडम त्या गोलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई तीन महिने झोपून आहेत हो. नोकरी करायची, त्यांचं करायचं. पुसते कधी मी, तुम्हीच सांगा. कुणाला बोलू नका."

"बोलते कशाला?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडे अकरा कपाटं आहेत. त्यातलं एकही मी वरून पुसलेलं नाही. साहेबांचा हात पोचत नाही म्हणून त्यांना माहीत नाही."

मॅडम हसल्या आणि त्यांनी चहा टाकला. काकू सासूबाईंच्या उशाशी बसल्या. सासूबाईंना तीन महिन्यांत नवं माणूस दिसलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी लग्नापासून सुरुवात केली. काकू सव्वासहाला घरी आल्या तेव्हा सासूबाई जेमतेम पहिल्या बाळंतपणापर्यंत पोचल्या होत्या. उरलेलं ऐकायला उद्या जायचं होतं.

साहेबांनी रजिस्टरात 'पोच' असा नवा रकाना आखला आणि मॅडमची सही आणायला सांगितली. शिवाय मजल्यांप्रमाणे वेळापत्रक करून दिलं. एका घरी आठ मिनिटं, दिवसाला बारा घरं. काकूंनी ते वेळापत्रक घडी घालून एका डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली सरकवलं.

काम त्यांच्या पद्धतीनं सुरू झालं. प्रत्येक घरात काही ना काही खूण सापडत होती. घड्याळ न्यावं तर भिंतीवर तेवढाच फिकट चौकोन असे. झाकण न्यावं तर त्याचं पातेलं वाट बघत असे. एका घरात इस्त्रीच्या टेबलावर निळा मोजा होता, एकच. आणि चारचौघांत रोज पुसणारी ही सगळी माणसं आपल्या स्वयंपाकघरात, दार लावलेलं असताना, अगदी साधी होती. कुणाची किटली करपली होती कारण नवरा-बायको भांडताना चहा विसरले होते. कुणाच्या घड्याळात झुरळ होतं कारण ते घड्याळ वारलेल्या वडिलांचं होतं, बंद पडल्यापासून उघडायला हात होत नव्हता. ते घड्याळ वडील गेले तेव्हा बंद पडलं आणि रविवारी चालू झालं, असं सांगताना त्या गृहस्थांचा आवाज बदलला. काकूंनी डोळे पुसले. त्यांनीही पुसले.

चुकाही झाल्या. मिक्सर दुसऱ्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाईंचा असेल म्हणून काकू तिकडे घेऊन गेल्या, तर तो त्यांचा नव्हता. पण तोवर चहा झाला होता, आणि हा खालच्या वायरमनकडचाच, त्याच्या बायकोशी मला बोलायचंच होतं, असं म्हणत गाण्याच्या बाईही निघाल्या. वायरमनच्या बायकोनं मिक्सर बघितला, नाही म्हणाली आणि ती पण निघाली. संध्याकाळी एका मिक्सरबरोबर पाच बायका डॉक्टरीणबाईंच्या दारात उभ्या होत्या. मिक्सर त्यांचाच निघाला. त्यांनी स्वतःच्या वस्तूची चिठ्ठी सगळ्यांत आधी घेतली होती, पण एवढ्या कपांच्या नादात आपणही काही दिलं होतं हेच त्या विसरल्या होत्या.

स्टोअरसाहेबांच्या दाराची बेल आता वाजायला लागली होती. ते दार उघडत. समोर कुणीतरी चप्पल काढण्याच्या तयारीत असे.

"काकू आहेत?"

नाहीत म्हटलं की माणूस चप्पल पुन्हा चढवत असे. साहेबांना कुणी काही विचारत नव्हतं. एकदा चौथ्या मजल्यावरच्या सासूबाईंनी निरोप पाठवला की काकूंना लवकर पाठवा, धाकट्या नणंदेचं लग्न राहिलंय. साहेब कामाची नोंद ठेवत, दुपारचा चहा स्वतः करत आणि दोन कप करून एक तसाच ठेवत. सोफा मोकळा झाला, टेबल मोकळं झालं, तसं त्यांना घर फार मोठं वाटू लागलं. वस्तू संपत आल्या होत्या आणि तिकिटाची तारीख जवळ येत होती. सगळे नग पोचले की काकू मोकळ्या. या कामाची रिकामी होणारी यादी बघून दुःखी होणारा भांडारवाला जगात दुसरा नसेल.

चौदा तारखेला दुपारी साहेबांनी रजिस्टर पुरतं करायला घेतलं. काकू बाहेर होत्या. पोचेच्या सह्या त्यांनी बोटानं मोजल्या. सत्तेचाळीस. पुन्हा खालून वर मोजल्या. सत्तेचाळीस. आवक सत्तेचाळीस, जावक सत्तेचाळीस, शिल्लक शून्य. सगळं बरोबर जुळलं, तरी साहेबांनी तिसऱ्यांदा मोजून पाहिलं.

मग त्यांना आठवलं की गेले तीन दिवस काकू एका रुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन जातात आणि परत आणतात. कुणाचा आहे कळत नाही, म्हणाल्या होत्या. आत्ताही तो रुमाल टेबलावर होता. साहेबांनी गाठ सोडली. आत स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा होता, घासून लख्ख केलेला. सत्तेचाळीसमध्ये हा कुठून आला? त्यांनी तो उलटा केला. बुडाला तीन स्क्रू लोखंडी होते आणि चौथा पितळेचा. तो चौथा स्क्रू साहेबांनी स्वतःच्या हातानं बसवला होता, वीसेक वर्षांपूर्वी, तेव्हा लोखंडी मिळाला नव्हता म्हणून.

साहेब उठून स्वयंपाकघरात गेले. तिसऱ्या कपाटाचा दुसरा खण त्यांनी उघडला. खण रिकामा होता. खणाच्या कडेला त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, 'वजनकाटा, १ नग'. त्यांनी खण पुन्हा लावून घेतला. मग बाहेर येऊन त्यांनी रुमालाची गाठ होती तशी बांधली.

काकू आल्या त्या फोनवर बोलतच आल्या. "अगं, उद्या कशी येऊ? एकाची वस्तू राहिलीय माझ्याकडे. वजनकाटा. चांगला आहे, बिचारे शोधत असतील. नको, पुढचंही काढू नकोस आत्ता. दोन मजले राहिलेत अजून, आणि खालच्या मजल्यावर पुन्हा विचारायला हवं. तू ते रद्दच कर. हो, बाबा बरे आहेत. त्यांना काय झालंय?"

त्यांनी फोन ठेवला आणि रुमाल उचलला. गाठीकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

"अहो, तुमच्या रजिस्टरात बघा बरं जरा. हा कुणाचा असेल?"

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिलं बघितलं. मग टोपण काढून, सत्तेचाळीसच्या खाली, त्याच सुरेख अक्षरात त्यांनी लिहिलं: '४८. इतर, १ नग. मालक: शोध चालू.' अडतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही त्यांच्या हातून झालेली ही पहिली खोटी नोंद होती. खाली त्यांनी रेघ ओढली नाही.

"यात काही सापडत नाही," ते म्हणाले. "मला वाटतं, तुला सगळ्या घरी जाऊन विचारावं लागेल."

"मलाही तसंच वाटतंय," काकू म्हणाल्या, आणि रुमाल घेऊन त्या पाचव्या मजल्यावर गेल्या.

लिफ्टचा दरवाजा लागल्याचा आवाज आला, तेव्हा साहेब उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तिसऱ्या कपाटाच्या दुसऱ्या खणाची चिठ्ठी नखानं हळूहळू सोडवली, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली.